पणजोबांची चार रुपये पेन्शन : पोलीस लाईनीतले भिश्ती, मोतद्दार आणि 'इन्फिरिअर' नोकरी

मोरपंखी दौत | शनिवार, रात्री १०.१२

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची पत्र्याची ट्रंक खाली उतरवली. वर गोधड्या, मधे पितळेची भांडी आणि तळाला वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन कागद. एक सर्व्हिस रोल, चार घड्यांचा, घडीघडीवर विरलेला. दुसरा पेन्शनचा हुकूम.

पणजोबा घाटावरच्या एका जिल्ह्याच्या पोलीस मुख्यालयात भिश्ती होते. विहिरीवरून पखाल भरायची आणि तबेला, बाग, परेडचं मैदान, साहेबाचा बंगला अशा खेपा घालायच्या. घरात त्यांच्याबद्दल माहिती एवढीच. बाकी सगळ्या गोष्टी त्यांच्या पेन्शनच्या. आजी सांगायची की पगार तेरा रुपये होता, म्हणजे निम्मी पेन्शन साडेसहा बसायला हवी, पण हेडकारकुनाने अडीच रुपये खाल्ले. पणजोबा १९२४ साली गेले. त्यानंतर पणजीला तीही मिळाली नाही, तेव्हाही कारकुनानेच कागद दाबला म्हणे. आमच्या घरात आजही कुणी हिशोबात घोळ घातला की 'हेडकारकून झालास काय' म्हणतात.

रोलवर लिहिलंय : भरती १८८९, वय अंदाजे २८, उंची ५ फूट ४ इंच, डाव्या भुवईवर व्रण, उजव्या खांद्यावर घट्टा. शेवट १९२१. हुकुमावर महिना चार रुपये आणि खाली अंगठा.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. साडेसहाचे चार कसे झाले? पणजीला काहीच का नाही? आणि पणजोबांचे थोरले भाऊ त्याच लाईनीत वीसेक वर्षं झाडलोट करत होते, त्यांना दमडीही का मिळाली नाही?

ट्रेझरीतला नाना | शनिवार, रात्री ११.४०

मी पेन्शन शाखेत बावीस वर्षं काढली. जुने हुकूम बरेच हाताखालून गेले आहेत, तेव्हा लिहितो.

आधी कारकुनाला सोडा. साडेसहाचे चार त्याने केलेले नाहीत.

तेव्हा सगळा कारभार सिव्हिल सर्व्हिस रेग्युलेशन्सवर चालायचा. त्यात नोकरीच्या दोन जाती होत्या, सुपिरिअर आणि इन्फिरिअर. कारकून, शिरस्तेदार हे सुपिरिअर. शिपाई, हमाल, भिश्ती, झाडूवाला, मोतद्दार (घोड्याची देखभाल करणारा) हे इन्फिरिअर. शिवी नव्हे ही, छापील नियमातला शब्द आहे. सुपिरिअरचा हिशोब साठांशात व्हायचा. दहा वर्षं भरल्याशिवाय मासिक पेन्शन नाही, त्याआधी गेला तर एकरकमी ग्रॅच्युइटी. पुढे जितकी वर्षं तितके साठावे भाग, जास्तीत जास्त तीस साठांश, म्हणजे निम्मं. तेही शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरीवर. इन्फिरिअरलाही तीस वर्षं भरली की निम्म्याचं सूत्र होतं, पण त्यावर रुपयांत कमाल मर्यादा होती. निम्मं त्या मर्यादेपेक्षा जास्त आलं की वरचं कापायचं. तुमच्या पणजोबांचे अडीच रुपये तिथे गेले.

बरं, नोकरीतल्या सवलतीही उलट्या-सुलट्या होत्या. सुपिरिअरला ५५ व्या वर्षी घरी पाठवत, इन्फिरिअरला ६० पर्यंत ठेवत. ती सवय अजून आहे, महाराष्ट्रात बाकीचे ५८ ला निवृत्त होतात आणि गट ड चे ६० ला. १८६१ चा जन्म धरला तर १९२१ ला साठ. बरोबर बसतंय.

'इन्फिरिअर' हा शब्द गेला तो स्वातंत्र्याच्या तोंडावर, पहिल्या केंद्रीय वेतन आयोगाच्या शिफारशीने. त्याच्या जागी चौथी श्रेणी आली.

शेवंता | रविवार, सकाळी ७.५५

नाना, एक शंका. सुपिरिअरचं सर्व्हिस बुक असायचं आणि यांचा रोल, असं का? माझ्या आजोबांचं बुक आहे, ते हवालदार नव्हते, कचेरीत कारकून होते.

ट्रेझरीतला नाना | रविवार, सकाळी ९.२०

कारण तेच. बुक वरच्यांना. रोल इन्फिरिअर नोकरांना आणि हेडकॉन्स्टेबलपर्यंतच्या पोलिसांना. रोलमध्ये काय लिहायचं तेही ठरलेलं : भरतीची तारीख, जात, गाव, वय, उंची, ओळखीच्या खुणा, बढती-घट, शिक्षा, रजा, बिनरजेची गैरहजेरी, नोकरीतले खंड. पेन्शन कमी होईल अशी प्रत्येक बारीकसारीक गोष्ट त्यात यायची. फोटो नसल्यामुळे खुणा महत्त्वाच्या. दर महिन्याला पैसे घ्यायला येणारा म्हातारा तोच की त्याचा मेव्हणा, हे भुवईच्या व्रणावरून ठरायचं.

अंगठ्याचंही तसंच. बंगालमध्ये हुगळीला विल्यम हर्शेल नावाचा मॅजिस्ट्रेट होता. मेलेल्या पेन्शनराच्या नावाने दुसराच कुणी पैसे नेतो म्हणून १८७७ च्या सुमारास त्याने पेन्शनरांच्या बोटांचे ठसे घ्यायला सुरुवात केली. चोर पकडायला ठसे वापरण्याची पद्धत त्यानंतरची. आधी ठसे पेन्शनरांचे घेतले.

उलटतपासणी | रविवार, सकाळी १०.०५

काही म्हणा, इंग्रजांच्या काळात चार रुपये का होईना, वेळेवर मिळत होते. आज आमच्या मावसभावाची फाईल दोन वर्षं फिरतेय.

घाटवाट | रविवार, सकाळी १०.३१

वेळेवर मिळत होते ते ज्यांना मिळत होते त्यांना, साहेब. नियम वाचा मग बोला.

रेग्युलेशन्सचं ३६१ वं कलम पाहा. पेन्शनला धरायची नोकरी कुठली, तर तीन अटी : नोकरी सरकारची हवी, जागा कायम हवी आणि नेमणूक त्या जागेवर कायमची हवी, पगार सरकारने दिलेला हवा. वाचायला सरळ वाटतं. पोलीस लाईनीत लावून बघा.

साहेबाचा मोतद्दार घ्या. घोडा साहेबाचा, साहेबाला घोड्यासाठी भत्ता मिळतो आणि त्यातून साहेब मोतद्दाराला पगार देतो. म्हणजे तो साहेबाचा नोकर, सरकारचा नव्हे. वीस वर्षं त्याने त्याच तबेल्यात काढली, शेजारच्या खुंट्याला सरकारी घोडा आणि त्याचा मोतद्दार सरकारी. दोघं एकाच पोत्यातले हरभरे भिजवतात. एकाला पेन्शन, दुसऱ्याला नाही.

तुमच्या थोरल्या पणजोबांचं उत्तर बहुधा दुसऱ्या अटीत आहे. झाडूवाले, जादा पाणके, गवत आणणारे, पंखा ओढणारे यांचा पगार पुष्कळदा आस्थापनेच्या, म्हणजे कायम नोकरांच्या पगाराच्या बिलावर निघत नसे. तो किरकोळ खर्चात, कंटिन्जन्सीत. कचेरीच्या भाषेत शाई, दोरी, रॉकेल, केरसुण्या आणि केरसुणी धरणारा माणूस एकाच खाली. तिथून पगार घेणाऱ्याची नोकरी पेन्शनला धरत नसत, मग वीस वर्षं असो की चाळीस. केंद्राने १९६८ मध्ये अशा नोकरीचा निम्मा काळ धरायचं मान्य केलं, त्यालाही अटी.

म्हणजे भिश्त्याने पाणी किती वाहिलं हा प्रश्नच नव्हता. त्याचा पगार कुठल्या बिलावर निघतो, एवढाच प्रश्न होता.

मोरपंखी दौत | रविवार, दुपारी १२.१८

घाटवाट, तुमचं शेवटचं वाक्य बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले की थोरल्याला पगाराच्या दिवशी 'बाजारबिलावर' अंगठा द्यावा लागायचा आणि धाकट्याला 'साहेबाच्या बिलावर', असं त्यांची आजी सांगायची. आम्हाला वाटायचं थोरले काहीतरी बाजारहाटाचं काम करत असतील.

शेवंता | रविवार, दुपारी १२.४४

अहो पण दौत, तो घट्टा!

भरतीच्या दिवशी २८ वर्षांच्या माणसाच्या खांद्यावर घट्टा होता आणि तो ओळखीची खूण म्हणून नोंदवण्याइतका पक्का होता. पखालीचा पट्टा रोज खांद्यावर पडल्याशिवाय तसा घट्टा पडत नाही. म्हणजे १८८९ च्या आधी ते कुठेतरी पाणीच वाहत होते. त्याच लाईनीत असतील तर?

ट्रेझरीतला नाना | रविवार, दुपारी १.१०

शेवंताताई, तुम्ही ऑडिटमध्ये हव्या होतात. शक्य आहे. अशा लोकांना आधी किरकोळ बिलावर वापरायचे आणि आस्थापनेवरचा कुणी मेला किंवा निवृत्त झाला की त्याच्या जागी घ्यायचे. रोल त्या दिवशी उघडायचा. त्याआधीची वर्षं कागदावर नाहीत, म्हणजे नाहीतच.

वऱ्हाडी ठेचा | रविवार, दुपारी ३.२६

तुमची सगळी चर्चा मुख्यालयाची चालू आहे. गावात काय होतं तेही बघा ना भाऊ. पोलिसांचं निम्मं काम तर गावातले लोक करत होते आणि त्यांचा रोलही नव्हता.

मुंबई इलाख्यात १८६७ चा गावपोलिसांचा कायदा. गावात पोलीस पाटील, त्याच्या हाताखाली वतनदार महार, रामोशी, जागल्या, कुठे भिल्ल. रात्रीची गस्त, चोराचा माग काढणं, मुडदा सापडला तर पंचनामा होईपर्यंत राखण, सरकारी खजिन्याबरोबर पुढच्या गावापर्यंत सोबत, टपाल, समन्स, फौजदार आला की त्याच्या घोड्याचं वैरणपाणी. हे पोलिसांचं सहायक काम नाही तर काय? पगार म्हणाल तर वतनाची जमीन, तिच्यावर जुडी (सवलतीचा सारा) भरायची, आणि गावकऱ्यांकडून बलुतं. १८७४ च्या वतन कायद्याने हे सगळं पक्कं बांधून टाकलं.

इथे पेन्शनचा प्रश्नच उद्भवत नव्हता, कारण निवृत्तीच नव्हती. बाप थकला की मुलगा. मुलगा आजारी तर भाऊ. नोकरी एका माणसाची नाही, घराण्याची. सरकारला एका वतनात अख्खं कुटुंब चोवीस तास हाताशी. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं बिल मांडलं ते यावरच : काम कोणाचं आणि किती ते ठरवा, मोबदला निश्चित करा, ज्याला वतन सोडायचंय त्याला सोडू द्या. १९२९ ला बिल मागे घ्यावं लागलं. कनिष्ठ गावकामगारांची वतनं मुंबई राज्यात संपली ती १९५८ च्या कायद्याने, म्हणजे तीस वर्षांनी.

आणि त्यातून पुढे आलेला कोतवाल? मानधनावर. चौथ्या श्रेणीसाठी त्यांची आंदोलनं किती वर्षं चालली आहेत ते पेपरात वाचतच असाल. पोलीस पाटीलही मानधनावरच.

उलटतपासणी | रविवार, दुपारी ४.०२

मान्य. सकाळचं विधान मागे घेतो. पण मग कोर्टात का नाही गेलं कुणी? तेव्हा न्याय तरी मिळायचा म्हणतात.

घाटवाट | रविवार, दुपारी ४.४०

१८७१ चा पेन्शन कायदा. कलेक्टरच्या दाखल्याशिवाय पेन्शनच्या दाव्याला दिवाणी कोर्टाने हातच लावायचा नाही. म्हणजे ज्या सरकारविरुद्ध भांडायचं, त्याच सरकारच्या कलेक्टरकडे आधी चिठ्ठी मागायला जायचं.

त्याच कायद्याची एक बाजू चांगलीही होती, ती सांगायला हवी. सरकारी पेन्शनवर सावकाराला जप्ती आणता येत नव्हती, आणि पुढच्या महिन्यांची पेन्शन आजच लिहून दिली तर तो कागद रद्दबातल. १८७५ चे दख्खनचे, सावकारांविरुद्धचे दंगे ज्यांना माहीत आहेत त्यांना याचं मोल कळेल. सावकार घरावर, बैलावर, पिकावर येऊ शकत होता, म्हाताऱ्याच्या चार रुपयांवर नाही. अर्थात ट्रेझरीच्या दारातच उभा राहिला तर कायदा काय करणार.

पण हक्क म्हणाल तर तो नव्हताच. ३५१ वं कलम : पुढची चांगली वागणूक ही प्रत्येक पेन्शनची गृहीत अट. म्हातारा गुन्ह्यात सापडला, पेन्शन बंद. ४७० वं : पूर्ण पेन्शन आपोआप नाही, नोकरी पसंतीस उतरली तर. पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही हे सुप्रीम कोर्टाने निःसंदिग्धपणे म्हटलं १९७१ मध्ये, देवकीनंदन प्रसाद यांच्या खटल्यात, आणि मग १७ डिसेंबर १९८२ ला नाकरा निकालात. पेन्शनर मंडळी १७ डिसेंबर साजरा करतात तो त्यासाठी.

ट्रेझरीतला नाना | रविवार, सायंकाळी ६.१५

पणजीबाईंचं राहिलं. त्याचं उत्तर सगळ्यात छोटं आणि सगळ्यात वाईट. तेव्हा कुटुंब निवृत्तिवेतन हा प्रकारच सर्वसाधारण नोकराला नव्हता. पेन्शन माणसाची, तो गेला की त्या तारखेपर्यंतची थकबाकी वारसाला, आणि खातं बंद. कामावर असताना दंग्यात किंवा दरोडेखोरांच्या हातून मारला गेला तर विधवेला वेगळ्या नियमाखाली काही मिळू शकायचं. घरी खाटेवर गेला तर नाही. केंद्राकडे १९५० मध्ये मर्यादित काळापुरतं कुटुंब निवृत्तिवेतन आलं आणि १९६४ पासून ते खऱ्या अर्थाने लागू झालं. पणजीबाई १९२४ च्या विधवा. दाबायला कारकुनाकडे कागदच नव्हता.

कोरी पाटी | रविवार, रात्री ८.३०

वाचनमात्र होतो, राहवलं नाही. मी १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेला, म्हणजे जुनी पेन्शन बंद झाल्यावरचा. हा सगळा धागा वाचून तारखेचं महत्त्व नव्याने कळलं, एवढंच बोलतो.

शेवंता | रविवार, रात्री ८.५२

दौत, रोलचे सगळे रकाने टाका ना. रजेचा वाचा. आणि जन्मतारीख काय लिहिलीय? आमच्या आजोबांची १ जुलै आहे. नुसतं साल माहीत असलं की १ जुलै टाकायचे म्हणे. शाळेतल्या १ जूनवाल्यांचे हे पूर्वज.

मोरपंखी दौत | सोमवार, रात्री ९.४७

तारीख नाहीये, नुसतं 'वय अंदाजे'. पण रजेच्या रकान्याने घोळ केलाय. आज जेवण झाल्यावर बाबा, मी आणि टॉर्च, तिघं बसलो.

इंग्रजी अक्षर बारीक आहे. १८९७, फेब्रुवारीपासून ७१ दिवस, विनारजा गैरहजर. बाबांना लगेच लागलं, प्लेगचं साल. पणजोबांनी बायकापोरांना घेऊन रानात झोपडी घातली होती ही गोष्ट घरात आहे, पण ते नोकरी सोडून गेले होते हे कुणालाच माहीत नव्हतं. त्याच्यासमोर काळ्या शाईत 'खंड' असा शेरा. मग तो शेरा लाल शाईने खोडलाय आणि वर दुसरी ओळ आहे. तिचा अर्थ मला असा लागला की गैरहजेरी बिनपगारी रजेत बदलली. शेजारी साहेबाची फर्राटेदार सही, आणि समासात, अगदी कडेला, मोडीत दोन अक्षरं. तारीख १९२० ची. हे काय प्रकरण?

ट्रेझरीतला नाना | सोमवार, रात्री १०.२०

थांबा. ही ओळ परत वाचा आणि बाबांनाही वाचून दाखवा.

४२० वं कलम, नोकरीत खंड पडला की मागची सगळी नोकरी बुडाली. सगळी. १८८९ ते १८९७ ची आठ वर्षं शून्य. १९२१ ला हिशोब केला असता तर चोवीस भरली असती, तिसाचा टप्पा राहिला असता लांब. प्लेग होता वगैरे कलमाला कळत नाही. त्याच्याच पुढच्या कलमात एक फट आहे : पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याला वाटलं तर विनारजा गैरहजेरी मागाहून बिनपगारी रजेत बदलता येते. मग ते ७१ दिवस फक्त वजा होतात, आठ वर्षं वाचतात.

पण साहेबाला हे आपणहून सुचत नाही. तेवीस वर्षांपूर्वीच्या एका भिश्त्याच्या गैरहजेरीचं त्याला काय? निवृत्तीच्या आधी कुणीतरी रोल काढून पहिल्यापासून तपासलाय, खंड पकडलाय, कलम शोधलंय, टिपण लिहून फाईल वर नेलीय आणि सही झाल्यावर लाल शाईने दुरुस्ती केलीय. समासातली मोडी अक्षरं त्या टिपण लिहिणाऱ्याची. हे काम आस्थापनेच्या कारकुनाचं असतं आणि हेडकारकुनाने पाहिल्याशिवाय ते साहेबापुढे जात नाही. मी बावीस वर्षं हेच केलं.

शेवंता | सोमवार, रात्री १०.२६

अगं बाई.

घाटवाट | सोमवार, रात्री १०.४१

दौत, समासाचा फोटो टाका. मोडी वाचणारे इथे दोघं-तिघं आहेत. आद्याक्षरं लागली तरी पुरे.

मोरपंखी दौत | मंगळवार, सकाळी ८.०३

बाबा काल बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, आजीला हे कोण सांगणार आता. आणि मग कारकुनाच्या बाजूने नव्हे पण एवढंच, की पणजोबा दर दसऱ्याला सोनं द्यायला कचेरीतल्या एका ब्राह्मणाकडे जायचे, आणि पणजी त्यावरून त्यांना बोल लावायची.

फोटो दुपारी टाकते, उजेड आल्यावर. कागद उलगडताना घडीवर अजून थोडा फाटला. लॅमिनेट करून घेऊ का? कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला तीस रुपये म्हणतोय.

ट्रेझरीतला नाना | मंगळवार, सकाळी ८.१०

लॅमिनेट अजिबात करू नका! उष्णतेने शाई जाईल आणि परत काढता येणार नाही. सेलोटेपही नको. दोन कोऱ्या कागदांमध्ये सपाट ठेवा, घडी घालू नका, आणि आधी समासाचा फोटो काढा.